विमानाचा रस्ता नकाशावर वाकडा का दिसतो?

लांबच्या विमानप्रवासात समोरच्या सीटच्या पाठीला एक छोटा पडदा असतो आणि त्यावर आपलं विमान कुठे पोहोचलंय ते दाखवणारा नकाशा. माद्रिदहून न्यूयॉर्कला जाताना हा नकाशा पाहिला की कोड्यात पडायला होतं. माद्रिद ४०.४ अंश उत्तरेला, न्यूयॉर्क ४०.७ अंश उत्तरेला. दोन्ही शहरं जवळपास एकाच आडव्या रेषेवर. म्हणजे नाकासमोर पश्चिमेला निघायचं आणि पोहोचायचं. पण सरळ अंतराची रेघ मात्र आधी वायव्येकडे चढते, अटलांटिकच्या मध्यावर ४६ अंशांपर्यंत जाते आणि मग उतरत उतरत न्यूयॉर्कला टेकते. पडद्यावर चक्क कमान दिसते. पाहणाऱ्याला वाटतं, हा वळसा कशासाठी?

तो वळसा नाहीच. सरळ रस्ता तोच आहे. वाकडा आहे तो नकाशा.

हे समजावून सांगायला शब्दांपेक्षा दोरा जास्त कामाचा आहे. माझ्या टेबलावर ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आहे. त्यावर एका बोटाखाली ऑस्लो धरा, दुसऱ्या बोटाखाली अलास्कातलं अँकरेज. दोन्ही ठिकाणं ६० अंश उत्तरेच्या आसपास आहेत. आता शिवणकामाचा साधा दोरा त्या अक्षवृत्तावरून, म्हणजे गोलावर छापलेल्या आडव्या रेघेवरून, ऑस्लोपासून पश्चिमेकडे अँकरेजपर्यंत लावत जा. साधारण पावणेएकवीस सेंटिमीटर दोरा लागतो. मग दोऱ्याचं एक टोक तसंच धरून दुसरं हळूहळू ओढा. दोरा रेघेवर राहत नाही. तो घसरतो, ग्रीनलंडवरून वर सरकतो आणि ध्रुवाच्या अगदी जवळ जाऊन ताठ होतो. आता मोजा, जेमतेम सव्वापंधरा सेंटिमीटर भरतो. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. म्हणजे अक्षवृत्ताच्या वाटेने ८,८०० किलोमीटर आणि ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेने ६,४५० किलोमीटर. दोन्ही टोकं तीच, पण २,३०० किलोमीटरहून जास्त फरक. हा दोरा उत्तर ध्रुवापासून फक्त ६०० किलोमीटरवरून जातो.

दोऱ्याला भूमिती येत नाही. ताण दिला की तो सगळ्यात कमी लांबीची वाट शोधतो, एवढंच. दोन शहरांमधलं हवाई अंतर म्हणजे या ताणलेल्या दोऱ्याची लांबी.

या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. चेंडू बरोबर मधोमध चिरला, म्हणजे सुरी त्याच्या केंद्रातून गेली, तर कापाच्या कडेला जे वर्तुळ मिळतं ते बृहद्‌वृत्त. गोलावर याहून मोठं वर्तुळ काढताच येत नाही. विषुववृत्त हे एक बृहद्‌वृत्त आहे, पण बाकीची अक्षवृत्तं नाहीत, कारण ती ध्रुवांकडे जाताना लहान लहान होत जातात. कोणतीही दोन शहरं घ्या, ती दोन आणि पृथ्वीचं केंद्र अशा तीन बिंदूंतून सुरी फिरवली की त्या शहरांना जोडणारं बृहद्‌वृत्त मिळतं. त्यातला लहान तुकडा म्हणजे आपलं अंतर.

तरीही मन मानत नाही, कारण आडवी रेघ आपल्याला सरळ वाटते. तिचा सरळपणा तपासायचा असेल तर थेट उत्तर ध्रुवाजवळ जा. ध्रुवापासून एक मीटरवर उभे राहा आणि कायम पश्चिमेला तोंड ठेवून चालत राहा. काय होईल? तुम्ही ध्रुवाभोवती एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ माराल आणि सतत उजवीकडे वळत राहाल. याला सरळ चालणं कोणी म्हणणार नाही. माद्रिद–न्यूयॉर्कच्या अक्षवृत्तावर हेच घडतं, फक्त वर्तुळ खूप मोठं असल्यामुळे वळण जाणवत नाही. आडव्या रेघेवरून जाणाऱ्या वैमानिकाला विमान सारखं किंचित उजवीकडे वळवत राहावं लागेल. बृहद्‌वृत्तावरून जाणाऱ्याला डावी-उजवी काहीच करावी लागत नाही. होकायंत्रातली दिशा बदलत जाते, विमान मात्र नाकासमोर जात असतं.

मग भिंतीवरच्या नकाशात एवढा घोळ कसा? शाळेपासून आपल्या डोळ्यांत बसलेला जगाचा नकाशा बहुतेक वेळा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. गेरार्डस मर्केटर या नकाशाकाराने तो १५६९ मध्ये खलाशांसाठी तयार केला. त्यावर एक सरळ रेघ मारायची, तिचा उत्तरेशी होणारा कोन मोजायचा आणि होकायंत्राची तीच दिशा धरून जहाज हाकायचं. वाट थोडी लांब पडेल, पण चुकणार नाही. त्या काळच्या खलाशासाठी ही फार मोठी सोय होती. तिची किंमत म्हणजे ध्रुवाकडचा प्रदेश ताणला गेला. त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो, खरं तर आफ्रिका त्याच्या १४ पट आहे. जिथे जमीनच ताणलेली आहे, तिथून जाणारी जवळची वाट लांब आणि वाकडी दिसणारच. घरात मुलं असतील तर भिंतीवर नकाशा जरूर लावा, पण शेजारी एक पृथ्वीगोलही ठेवा. नुसत्या सपाट नकाशावर वाढलेल्या डोळ्यांना जग चुकीचं दिसत राहतं, आणि ही सवय पुढे सहज सुटत नाही.

आकडा काढायचा कसा

दोरा समजायला उत्तम, पण संकेतस्थळावर दोन शहरांची नावं टाकली की क्षणात येणारा आकडा दोऱ्याने निघत नाही. तो अक्षांश-रेखांशांवरून निघतो. हे गणित दहावीच्या त्रिकोणमितीला थोडंसं पुढे नेलं की हातानेही करता येतं. माद्रिद–न्यूयॉर्कचंच करून पाहू.

माद्रिदचे अक्षांश ४०.४, न्यूयॉर्कचे ४०.७. दोघांच्या रेखांशांतला फरक ७०.३ अंश. पहिल्यांदा दोन्ही अक्षांशांचे साइन घ्या आणि गुणा: ०.६४८१ गुणिले ०.६५२१ म्हणजे ०.४२२६. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन असे तिघं गुणा: ०.७६१५ गुणिले ०.७५८१ गुणिले ०.३३७१ म्हणजे ०.१९४६. दोन्हींची बेरीज ०.६१७२. आता ज्या कोनाचा कोसाइन ०.६१७२ आहे तो कोन कॅल्क्युलेटरला विचारा. उत्तर येतं सुमारे ५१.९ अंश. पृथ्वीच्या केंद्रात उभं राहून एक हात माद्रिदकडे आणि दुसरा न्यूयॉर्ककडे केला, तर दोन हातांमध्ये होणारा कोन हा. बृहद्‌वृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की ५,७७० किलोमीटर. अक्षवृत्तावरून गेलो असतो तर सुमारे ५,९५० झाले असते.

या गणितात दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे रेखांशाचं चिन्ह. पूर्व रेखांश अधिक, पश्चिम रेखांश उणे. ऑस्लो १०.७५ पूर्व आणि अँकरेज १४९.९ पश्चिम असेल तर फरक १६०.६५ येतो. पश्चिमेचं उणे चिन्ह विसरलं की तो १३९.१५ होतो आणि विमान भलत्याच गावी उतरतं. दुसरी अडचण जवळच्या ठिकाणांची. दोन ठिकाणं एकाच किलोमीटरवर असतील तर त्या कोनाचा कोसाइन एकच्या इतका जवळ असतो की दशांशचिन्हानंतर सात नऊ येतात आणि खरी माहिती आठव्या घरात कुठेतरी असते. साधा कॅल्क्युलेटर ती खाऊन टाकतो. म्हणून संगणकाच्या प्रोग्राममध्ये बहुधा ‘हॅवरसाइन’ नावाचं सूत्र वापरतात. भूमिती तीच, मांडणी मात्र अशी की लहान अंतरातही आकडे हरवत नाहीत. हे सूत्र संगणकापेक्षा खूप जुनं आहे. एकोणिसाव्या शतकातले खलाशी त्याची छापील कोष्टकं जहाजावर बाळगत.

आणखी एक बारकावा. हे सगळं आपण पृथ्वी गुळगुळीत चेंडू आहे असं धरून केलं, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. प्रत्यक्षात ती स्वतःभोवती फिरत असल्यामुळे कमरेत थोडी फुगलेली आहे: विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. या २१ किलोमीटरमुळे चेंडूवरचं उत्तर अर्ध्या टक्क्याच्या आत चुकू शकतं. प्रवाशाला त्याने काही फरक पडत नाही, पण मोजणी करणाऱ्याला पडतो. म्हणून थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये अशा ध्रुवांशी चपट्या पृथ्वीसाठी मिलिमीटरपर्यंत अचूक सूत्र दिलं. त्यात एक खोच राहिली होती. दोन ठिकाणं पृथ्वीच्या जवळपास विरुद्ध टोकांना असली की सूत्र गोल गोल फिरत बसे आणि उत्तर देत नसे. ही उणीव चार्ल्स कार्नी यांनी २०१३ मध्ये दूर केली. दोन वेगवेगळ्या संकेतस्थळांवर एकाच जोडीचं अंतर दहा-पंधरा किलोमीटरने वेगळं दिसलं तर कोणी चुकलंय असं समजू नका. एकाने चेंडू धरला असेल, दुसऱ्याने चपटी पृथ्वी. किंवा एकाने शहराचा मध्य घेतला असेल आणि दुसऱ्याने विमानतळ. टोकियोचे नरिता आणि हानेदा हे दोन विमानतळच एकमेकांपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत.

विरुद्ध टोकांची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगतो. पृथ्वीवर कोणतीही दोन शहरं सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत, कारण त्याहून पुढे गेलात की तुम्ही दुसऱ्या बाजूने परत जवळ येऊ लागता. माद्रिदच्या बरोबर पायाखालचा बिंदू न्यूझीलंडमध्ये येतो, त्यामुळे माद्रिद–ऑकलंड अंतर १९,५०० किलोमीटरच्या वर जातं. सध्या न थांबता जाणारी सगळ्यात लांबची नियमित फेरी सिंगापूर–न्यूयॉर्क, १५,३४९ किलोमीटर.

दोरा एक, विमानाची वाट दुसरी

इथवरचं अंतर भूमितीचं. ते आज जेवढं आहे तेवढंच उद्या असेल. विमान प्रत्यक्षात कापतं ते अंतर मात्र रोज वेगळं असतं, आणि मला या विषयातला सगळ्यात रसाळ भाग हाच वाटतो.

पहिलं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, जिथे प्रवासी विमानं उडतात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि जोरदार हवेचे झोत आहेत. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले. जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या जागतिक भाषेत लिहिला. दुर्दैवाने ती भाषा वाचणारे फार थोडे होते आणि एवढं मोठं काम कित्येक वर्षं दुर्लक्षित राहिलं. मला याची कायम हळहळ वाटते.

या वाऱ्याची ताकद ९ फेब्रुवारी २०२० ला दिसली. कियारा वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी १,०६० च्या आसपास असतो, तरी विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. विमानाच्या दृष्टीने ते नेहमीच्याच वेगाने हवेत पोहत होतं. हवाच त्याला घेऊन पळत होती.

अनेकांना वाटतं की येण्याजाण्याच्या वेळेतला फरक पृथ्वी फिरते म्हणून पडतो. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. फरक पडतो तो वाऱ्याने. लंडन–न्यूयॉर्क ५,५५० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १५० धरा. पूर्वेला येताना वेग १,०५० होतो, म्हणजे ५ तास १७ मिनिटं. पश्चिमेला जाताना ७५०, म्हणजे ७ तास २४ मिनिटं. दोन्ही मिळून १२ तास ४१ मिनिटं. वारा नसताच तर १२ तास २० मिनिटं लागली असती. वाऱ्याने एकीकडे दिलेलं तो दुसरीकडे व्याजासकट वसूल करतो, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

म्हणूनच वैमानिक आणि उड्डाणाचा आराखडा करणारे लोक सगळ्यात कमी लांबीची वाट शोधत नाहीत. ते कमी वेळाची आणि कमी इंधनाची वाट शोधतात. उत्तर अटलांटिकवर तर रोज नव्याने समांतर वाटा आखल्या जातात. पश्चिमेला जाणाऱ्या वाटा आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या शॅनविक केंद्रातून, पूर्वेला येणाऱ्या कॅनडातल्या गँडरमधून. कालच्या वाटा आज नसतात. पश्चिमेला जाणारी विमानं झोत टाळून बाजूने निघतात, पूर्वेला येणारी मुद्दाम त्यात शिरतात. दोऱ्याच्या वाटेपेक्षा दोन-तीनशे किलोमीटर जास्त कापूनही विमान लवकर पोहोचू शकतं.

दुसरं कारण बंद आकाश. प्रत्येक देशाच्या वरचं आकाश त्या देशाचं असतं आणि तो ते बंद करू शकतो. शीतयुद्धाच्या सुरुवातीच्या काळात सोव्हिएत संघावरून जाणं पाश्चात्त्य कंपन्यांना शक्य नव्हतं. २४ फेब्रुवारी १९५७ ला स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन–टोकियो सेवा उत्तर ध्रुवाकडून, अँकरेजला थांबा घेत सुरू केली. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्र भरवशाचं राहत नाही, त्यामुळे दिशा राखणं हीच मोठी कसोटी होती. पुढे सैबेरियावरची वाट मोकळी झाली आणि अँकरेजचा थांबा मागे पडला. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना पुन्हा बंद झालं. हेलसिंकी–टोकियो सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि आधी साडेनऊ तासांत जाता येत असे. फिनएअरची विमानं उत्तर ध्रुवावरून वळसा घेऊन जाऊ लागली आणि प्रवास तेरा तासांवर गेला. ध्रुवावरून गेल्याचं प्रमाणपत्र प्रवाशांना दिलं जाई. ते हौसेने जपून ठेवण्यासारखं असलं, तरी दर फेरीला वाढलेले ते साडेतीन तास एका युद्धाचे आहेत हे विसरता येत नाही.

तिसरं, सुरक्षिततेचे नियम. दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन बंद पडल्यावरही ठरावीक मिनिटांत कुठल्या तरी विमानतळावर पोहोचता येईल अशाच वाटेने जायचं असतं. १९५० च्या दशकात ही मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये १२० झाली, आता काही विमानांना ३७० मिनिटांपर्यंत परवानगी आहे. इंजिनं जसजशी भरवशाची झाली तसतशी विमानाची वाट दोऱ्याच्या जवळ आली. सिडनी आणि चिलीतलं सांतियागो दोन्ही ३४ अंश दक्षिणेच्या आसपास आहेत, पण त्यांच्यामधला दोरा ६२ अंश दक्षिणेपर्यंत, अंटार्क्टिकाच्या उंबऱ्याशी जातो. तिथे अडचणीत उतरायला जागा कुठे? तिबेटच्या पठारावर अडचण वेगळी. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटकन १०,००० फुटांच्या आसपास उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांचाच असतो. आणि तिबेटची जमीनच सरासरी १४,००० फुटांच्या वर आहे. म्हणून बहुतेक विमानं ते पठार टाळून जातात.

शेवटी विमानतळाजवळची किरकोळ भर: धावपट्टीची दिशा पकडायला मारलेले फेरे, उतरायची पाळी येईपर्यंत घातलेल्या घिरट्या. उंचीमुळे मात्र अंतर फारसं वाढत नाही. ११ किलोमीटर वर उडल्याने ५,५५० किलोमीटरच्या प्रवासात दहाएक किलोमीटरचीच भर पडते.

एवढं सगळं बदलत असताना नियम करणाऱ्यांनी कोणतं अंतर धरावं? युरोपात विमानाला फार उशीर झाला तर मिळणारी भरपाई १,५०० आणि ३,५०० किलोमीटर या टप्प्यांवर ठरते. तिथे बृहद्‌वृत्ताचंच अंतर मोजतात, आणि विमान बदलत गेलात तरी पहिल्या ठिकाणापासून शेवटच्या ठिकाणापर्यंतचं, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. कार्बनच्या हिशेबासाठी युरोपीय संघ त्याच अंतरात सरसकट ९५ किलोमीटर मिळवतो, वळशांच्या आणि घिरट्यांच्या नावाने.

तुम्हाला फक्त किती तास लागतील याचा ढोबळ अंदाज हवा असेल तर सरळ अंतराला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. लंडन–न्यूयॉर्कचे सात तास येतात. पश्चिमेला जाताना त्यात एक तास वाढवा. सिंगापूर–न्यूयॉर्कचे साडेअठरा येतात, आणि वेळापत्रकही जवळपास तेवढंच आहे. भागाकार करण्याआधी मधल्या देशांचं आकाश उघडं आहे का ते तेवढं बघा. हेलसिंकी–टोकियोला हाच हिशेब पावणेदहा तास सांगतो, आणि रशियाचं आकाश बंद असताना विमान तेरा तासांनी उतरतं.